लायना रिंकचे गोलरक्षक : कॉर्नेल-हार्वर्ड सामन्यासाठी इथाकाची वारी

गुरुवार

न्यू जर्सीतल्या एडिसनहून दुपारी निघालं की कॉर्नेल विद्यापीठाच्या गावाला, इथाकाला पोचायला चार तास पुरतात. आधी ८० नंबरचा हमरस्ता, डेलावेअर वॉटर गॅपच्या खिंडीतून पेनसिल्व्हेनियात, मग ३८० धरून स्क्रँटन आणि तिथून ८१ नं बिंगहॅम्टन. ओवेगोपाशी हमरस्ता सोडला की पुढे शेतं, लाकडी कोठारं आणि रस्त्याच्या कडेला लोटून ठेवलेला बर्फ. सूर्य लवकर मावळतो, त्यामुळे शेवटचा तासभर दिव्यांच्या उजेडातच गाडी हाकायची.

कॉर्नेल विरुद्ध हार्वर्ड, पुरुषांची आइस हॉकी, शुक्रवारी संध्याकाळी सात वाजता. या दोन विद्यापीठांचं बर्फावरचं वैर शंभर वर्षांहून जुनं आहे. अमेरिकेत कॉलेज हॉकीच्या वैरांची कमतरता नाही. बॉस्टनमध्ये बॉस्टन कॉलेज आणि बॉस्टन युनिव्हर्सिटी एकाच ट्रामच्या मार्गावर आहेत, तिकडे मिशिगनमध्ये मिशिगन आणि मिशिगन स्टेट. पण माझा जीव अडकलाय तो कॉर्नेल-हार्वर्डमध्ये, आणि त्याचं कारण गोलरक्षक. या वैराचा इतिहास सांगायला बसलं की पहिलं नाव गोलरक्षकाचं येतं. मासे फेकण्याची जी प्रथा सगळ्यांना ठाऊक आहे, तिचा उगमही एका गोलरक्षकापाशीच आहे. ते पुढे सांगतो.

भाचा कॉर्नेलमध्ये पीएचडी करतो, कॉलेजटाउनमध्ये राहतो. तिकिटं त्यानंच काढून ठेवली होती. कॉर्नेलच्या लायना रिंकमध्ये ४,२६७ माणसं मावतात आणि हार्वर्डच्या सामन्याला एकही जागा रिकामी राहत नाही. हंगामी तिकिटांसाठी विद्यार्थी पूर्वी रात्रंदिवस रांगेत मुक्काम ठोकायचे. त्यानं पिठलं-भात केला होता, मी घरून शेंगदाण्याची चटणी नेली होती. जेवताना त्याचा प्रश्न आला, "मामा, तू पक कुठे आहे ते सोडून सारखा गोलीकडेच का बघत असतोस?"

मी त्याला आधी आकडे सांगितले. आइस हॉकीचा गोल सहा फूट रुंद आणि चार फूट उंच. पक म्हणजे कडक रबराची चकती, तीन इंच व्यासाची, एक इंच जाड, वजन सुमारे १७० ग्रॅम, आणि उसळू नये म्हणून सामन्याआधी गोठवलेली. चांगल्या खेळाडूच्या स्टिकवरून ती ताशी १४० किलोमीटरच्या वेगानं सुटू शकते. पंधरा-वीस फुटांवरून असा फटका आला तर डोळ्यांनी बघून, मग ठरवून, मग हात हलवून अडवण्याइतका वेळच माणसाला मिळत नाही. म्हणून गोलरक्षकाचं काम फटका सुटण्याआधी संपलेलं असावं लागतं. तो नेमका कुठे उभा आहे, खांद्यांचा रोख कुठे आहे, खांबापासून किती पुढे आलाय, यावरच सगळं ठरतं. पक त्याच्या अंगावर येऊन आदळला तर समजायचं की मेहनत आधीच होऊन गेली आहे.

दुसरं असं की कॉलेज हॉकीत गोलरक्षकाचं माप वेगळं असतं. एनएचएल या व्यावसायिक लीगमध्ये हंगामात ऐंशीहून जास्त सामने आणि बाद फेरीत सात-सात सामन्यांच्या मालिका. एक रात्र वाईट गेली तर परवा भरून काढता येते. कॉलेजात हंगाम साधारण त्याच्या निम्म्यापेक्षाही कमी सामन्यांचा. राष्ट्रीय स्पर्धेत तर एकच सामना, हरलात की घरी. अशा स्पर्धेत एका रात्रीपुरता लयीत आलेला विशीतला मुलगा आख्खा क्रम उलटापालटा करू शकतो.

भाच्यानं ऐकून घेतलं. "उद्या बघतो तुझ्यासारखं," म्हणाला.

शुक्रवार, दिवसा

सकाळी कॅम्पस फिरलो. कॉर्नेल टेकडीवर आहे आणि खाली कायुगा सरोवर लांबच लांब पसरलेलं. आय. एम. पेई यांनी रचलेल्या जॉन्सन म्युझियमच्या पाचव्या मजल्यावरून ते सगळं एका नजरेत येतं. मुंबईचे रतन टाटा याच विद्यापीठात वास्तुकला शिकले. दऱ्यांतल्या पायवाटा हिवाळ्यात बर्फामुळे बंद असतात, त्यामुळे पुलावरूनच खाली गोठलेलं पाणी बघितलं आणि पावलं रिंककडे वळली.

लायना रिंक १९५७ साली सुरू झालं. बाहेरून ते साधंच आहे, मोठ्या गोदामाएवढं. आत छत खालीच आहे आणि आवाज त्याला आपटून परत बर्फावर येतो. वर १९६७ आणि १९७० या दोन राष्ट्रीय विजेतेपदांची निशाणं आहेत. पुरुषांच्या हॉकीत कॉर्नेलनं दोनच जर्सी निवृत्त केल्या आहेत. २०१० साली एकाच समारंभात दोघांचा मान झाला. एक आहे ती फॉरवर्ड जो न्यूवेन्डाइक यांची, २५ नंबरची. दुसरी १ नंबरची, गोलरक्षक केन ड्रायडन यांची.

ड्रायडन यांच्यासाठीच मी सामन्याच्या आधी, रिंक शांत असताना इथे आलो होतो. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये, वयाच्या ७८ व्या वर्षी ते गेले. त्यांची गोष्ट मराठी वाचकांना फारशी माहीत नसावी, म्हणून जरा सविस्तर सांगतो. १९६४ साली बॉस्टन ब्रुइन्स या एनएचएलच्या संघानं त्यांना निवडलं आणि लगेच त्यांचे हक्क माँट्रियलच्या संघाला देऊन टाकले. ड्रायडन तेव्हा व्यावसायिक हॉकीकडे वळलेच नाहीत. शिकायचं होतं म्हणून ते इथाकाला आले. तीन हंगामांत कॉर्नेलसाठी त्यांनी ७६ सामने जिंकले, ४ हरले आणि १ बरोबरीत सोडवला. १९६७ च्या अंतिम सामन्यात कॉर्नेलनं बॉस्टन युनिव्हर्सिटीला ४-१ नं हरवलं. १९६९ च्या अंतिम सामन्यात डेन्व्हरनं ४-३ नं कॉर्नेलला हरवलं, आणि तो त्यांच्या चार पराभवांपैकी शेवटचा. मग कायद्याचं शिक्षण घेता घेता १९७१ मध्ये माँट्रियलकडून फक्त सहा साखळी सामने खेळून ते बाद फेरीत उभे राहिले. पहिल्याच फेरीत त्यांनी गतविजेत्या बॉस्टनला घरी पाठवलं, चषक जिंकला आणि बाद फेरीतल्या सर्वोत्तम खेळाडूचा मानही मिळवला. एकूण सहा स्टॅनली कप, म्हणजे एनएचएलचे चषक. पुढे खासदार, कॅनडाचे मंत्री.

त्यांचं एक छायाचित्र हॉकीप्रेमींच्या घराघरांत आहे. खेळ थांबलेला, दोन्ही हात स्टिकच्या टोकावर, हनुवटी त्या हातांवर, आणि सहा फूट चार इंचांचा हा माणूस निवांत पुढे बघतोय. मला त्या उभं राहण्यात कॉर्नेलची पुढची पन्नास वर्षं दिसतात. या रिंकमध्ये शांत गोलरक्षकाची किंमत कळते. ड्रायडन यांच्यानंतर आलेले ब्रायन क्रॉपर अंगानं अगदी लहानखुरे, ड्रायडन यांच्याशी शरीरानं काहीच साम्य नाही. १९७० साली ते गोलमध्ये असताना संघ २९ पैकी २९ सामने जिंकला. एकही पराभव किंवा बरोबरी न घेता राष्ट्रीय विजेता ठरलेला अव्वल श्रेणीतला पुरुषांचा संघ आजवर तोच एक आहे. म्हणजे उंचीचा प्रश्न नव्हता. प्रशिक्षक नेड हार्कनेस यांनी बसवलेल्या बचावाला गोलरक्षकाकडून काय हवं हे ठरलेलं होतं, आणि ते दोघांनीही आपापल्या अंगानं दिलं.

शुक्रवार, रात्री

साडेसहाला आत शिरलो. विद्यार्थी सामनाभर उभेच असतात. बँड वाजत होता, बी विभागातून काउबेलचा, म्हणजे गाईच्या गळ्यातल्या घंटेचा ठोका येत होता. पाहुण्या संघाची नावं पुकारली जाऊ लागली की इथले विद्यार्थी वर्तमानपत्रं उघडून तोंडासमोर धरतात, प्रत्येक नावाला "बोअरिंग!" म्हणतात आणि शेवटी त्याच कागदांचे बोळे करून बर्फावर फेकतात. राष्ट्रगीतात 'रेड' हा शब्द आला की आख्खं रिंक तो ओरडतं, कारण कॉर्नेलचा रंग लाल.

आणि मासे. १९७३ साली हार्वर्डच्या रिंकमध्ये कुणीतरी कॉर्नेलचा गोलरक्षक डेव्ह एलेनबास याच्या दिशेनं मेलेली कोंबडी फेकली. कॉर्नेलमध्ये शेतकी महाविद्यालय आहे, त्याला मारलेला तो टोमणा. परतफेड म्हणून हार्वर्डचा संघ इथे आला तेव्हा बॉस्टनच्या मासेमारीला उद्देशून बर्फावर मासे पडले, ते आजतागायत पडतात. रक्षक दारावर पिशव्या तपासतात, तरी काही मासे आत जातातच. हार्वर्डचे खेळाडू बर्फावर उतरले आणि आमच्या मागून दोन मासे हवेतून गेले. कामगारांनी फावड्यानं ते उचलले. सामना सुरू झाल्यावर काही फेकलं तर यजमान संघालाच पेनल्टी बसते, म्हणून हे सगळं आधीच उरकतं.

मी मात्र दोन्ही गोलरक्षकांची तयारी बघत होतो. त्यांची नावं इथे लिहीत नाही. दोघंही विशीतले विद्यार्थी आहेत. हार्वर्डचा मुलगा आपल्या निळ्या अर्धवर्तुळात आला आणि स्केटच्या पात्यांनी बर्फ आडवा खरवडू लागला. नुकत्याच पाणी मारलेल्या बर्फावर पाय फार सटकतो, खरवडलेल्या बर्फावर पकड मिळते. मग त्यानं डावा खांब स्टिकनं ठोकला, उजवा ठोकला, दोन पावलं पुढे येऊन थांबला. गोल त्याच्या पाठीमागे असतो आणि सामनाभर त्याला तो दिसत नाही. खांबांना केलेल्या त्या स्पर्शावरून तो कुठे आहे हे त्याला कळतं.

पहिल्या वीस मिनिटांत गोल झाला नाही. हार्वर्डचा गोली उत्तम खेळला. कॉर्नेलचा एक फटका गर्दीतून आला, त्याच्या समोर आमचा धिप्पाड फॉरवर्ड नजर अडवून उभा होता. गोली गुडघ्यांवर बसला, पायांचे पॅड दोन्हीकडे पसरले आणि मान डावीकडून काढून त्यानं त्या माणसाच्या कमरेजवळच्या फटीतून पक शोधला. पक पॅडवर बसला. पण मला आवडलं ते पुढचं. त्यानं पॅडचा कोन असा धरला होता की उडालेला पक सरळ कोपऱ्यात गेला. तो समोर पडला असता तर दुसरा फटका रिकाम्या गोलवर बसला असता. बाजूचा मुलगा म्हणाला, "नशीबवान आहे!" भाचा माझ्याकडे बघून हसला. त्याला दिसलं होतं.

दुसऱ्या भागात हार्वर्डचा एक खेळाडू पेनल्टीवर बाहेर असताना कॉर्नेलनं गोल केला. लांबून आलेल्या फटक्याला गोलसमोर स्टिकचा निसटता स्पर्श झाला आणि दिशा बदलली. अशा गोलमध्ये गोलरक्षकाची काही चूक नसते. तो मूळ फटक्यासाठी अगदी बरोबर जागी होता. पण लायनामध्ये गोल झाला की सगळे त्याच्याकडे बोट रोखून "सीव्ह! सीव्ह!", म्हणजे चाळणी, असं ओरडतात आणि त्याचा शेवट ठरलेला असतो, "इट्स ऑल युअर फॉल्ट!" सगळा दोष तुझाच.

मी मासे हसून बघतो, वर्तमानपत्रंही धरतो. पण हे शेवटचं वाक्य माझ्या तोंडून निघत नाही. मी खडकीत वाढलो. खडकीच्या मैदानांवर हॉकी असायची, धनराज पिल्ले तिथलेच. १९८२ च्या दिल्ली एशियाडचा अंतिम सामना मी शेजाऱ्यांच्या टीव्हीवर पाहिला. पाकिस्ताननं भारताला ७-१ नं हरवलं आणि त्यानंतर गोलरक्षक मीर रंजन नेगी यांच्या वाट्याला जे आलं ते त्या पिढीला ठाऊक आहे. अकरा माणसं हरली होती. देशानं एकाला धरलं, विकला गेलास असं म्हणण्यापर्यंत मजल गेली. १९९८ च्या बँकॉक एशियाडमध्ये धनराज यांच्या नेतृत्वाखाली भारतानं सुवर्ण जिंकलं, तेव्हा गोलरक्षकांना शिकवायला नेगीच होते, आणि अंतिम सामन्यात पेनल्टी स्ट्रोक्सवर कोरियाला अडवलं ते गोलरक्षक आशिष बल्लाळ यांनी. तेव्हा मला बरं वाटलं होतं. पण मधली सोळा वर्षं त्या माणसानं कशी काढली असतील हा विचार मला गोलकडे बघताना नेहमी येतो.

हार्वर्डच्या मुलानं त्या आरोळ्यांकडे ढुंकूनही बघितलं नाही. जाळीच्या वरची बाटली घेतली, पाणी प्यायला, पुन्हा खांब ठोकले आणि पुढे येऊन उभा राहिला. अर्ध्या मिनिटानं त्यानं क्रिकेटमधल्या फॉरवर्ड डिफेन्ससारखा निर्धास्त बचाव केला. मला मनापासून टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या, आणि वाजवल्याही.

थोड्या वेळानं हार्वर्डनं बरोबरी केली. आमच्या गोलीसमोर तीन माणसं होती, त्याला पक दिसलाच नाही. तिसऱ्या भागाच्या मध्यावर कॉर्नेलनं पुन्हा आघाडी घेतली, आणि शेवटची दीड मिनिटं उरली तेव्हा हार्वर्डनं आपला गोलरक्षक बाहेर काढून सहावा खेळाडू पुढे पाठवला. त्यांचा गोल रिकामा आणि आमच्या गोलसमोर सहा जण.

त्या दीड मिनिटात आमचा मुलगा एकदाही झेपावला नाही. पक उजवीकडे गेला, तो दोन छोट्या सरकण्यांत उजवीकडे. पक गोलच्या मागे गेला, त्यानं खांबाला खांदा लावला आणि मान वळवून दुसऱ्या बाजूनं कोण येतंय ते पाहिलं. मग गोलच्या अगदी समोरून, वीसएक फुटांवरून, मोकळा फटका. पक त्याच्या छातीवर आला. त्यानं दोन्ही हातांनी तो पोटाशी धरला आणि शिट्टी वाजली. त्या क्षणी रिंकमध्ये एवढा गोंगाट होता की तो बचाव पाहून खास कुणी ओरडल्याचं जाणवलं नाही. माझ्या लेखी तो रात्रीतला सर्वांत मोठा बचाव. फटका मारणाऱ्यासमोर कुठेच जागा नव्हती, कारण गोली फटक्याच्या आधी दोन फूट पुढे आला होता. मागे राहिला असता तर कोपरे उघडे पडले असते, त्याला हात फेकावा लागला असता, कदाचित वाचलाही असता आणि दूरदर्शनवर ते दृश्य पुन्हा पुन्हा दाखवलं असतं. झेप दिसायला छान असते. पण बहुतेक झेपा उशिरा पोचलेल्या पायांची भरपाई असतात.

२-१. संघ बर्फावर आला आणि सगळे आधी गोलीकडे गेले, डोक्याला डोकं लावून परत फिरले.

शनिवार

सकाळी टॉहॅनॉकचा धबधबा. २१५ फूट, नायगारापेक्षा उंच. खालची पायवाट हिवाळ्यातही चालता येते. कड्याला बर्फाचे खांब लटकलेले होते आणि मधोमध पाण्याची बारीक धार.

संध्याकाळी डार्टमथ कॉलेजशी सामना. हार्वर्ड आणि डार्टमथ एकाच वीकेंडला जोडीनं येतात, त्यामुळे कॉलेजच्या गोलरक्षकाला चोवीस तासांत दुसरा सामना खेळावा लागतो. आदल्या रात्री तो शेकडो वेळा गुडघ्यांवर बसून उठलेला असतो. एनएचएलमध्ये सलग दोन रात्री असल्या तर बहुधा दुसरा गोली उतरवतात. कॉलेजात चांगला गोली असेल तर प्रशिक्षक दोन्ही रात्री त्यालाच ठेवतात. शनिवारी तोच मुलगा गोलमध्ये होता. पहिल्या भागात त्याचं खांबाकडून खांबाकडे जाणं किंचित जड वाटलं, मग लय सापडली. सामना साधारण होता आणि त्याबद्दल एवढंच.

शेजारी एक वयस्कर गृहस्थ बसले होते, लाल स्वेटर, कितीतरी वर्षांचं हंगामी तिकीट. मध्यंतरात मी कॉर्नेलचा जुना गोली डेव्हिड लेनव्यू याचं नाव काढलं आणि त्यांचा चेहरा उजळला. २००२-०३ च्या हंगामात लेनव्यूनं सामन्यामागे सरासरी १.२० गोल दिले, नऊ सामन्यांत एकही नाही. तेव्हा तो कॉलेज हॉकीतला विक्रम होता. पुढच्याच वर्षी मेन विद्यापीठाच्या जिमी हॉवर्डनं १.१९ नं तो मोडला. पण गृहस्थांना आकड्यांपेक्षा दोन रात्री सांगायच्या होत्या. २००२ ची लेक प्लॅसिडमधली, जेव्हा परिषदेच्या, म्हणजे दोघं ज्या गटात खेळतात त्या गटाच्या, अंतिम सामन्यात हार्वर्डनं दुसऱ्या जादा वेळेत कॉर्नेलला ४-३ नं हरवलं. आणि २००३ ची ऑल्बनीमधली, पुन्हा तेच दोन संघ. कॉर्नेल एका गोलनं मागे, घड्याळात अर्ध्या मिनिटाच्या आसपास उरलेलं, गोली बाहेर काढलेला, आणि मार्क मॅक्रेचा बरोबरीचा गोल. जादा वेळेत सॅम पाओलिनीनं सामना संपवला, ३-२. "पण हार्वर्डच्या गोलीबद्दल बोला," ते म्हणाले. डोव्ह ग्रुमेट-मॉरिस. ते नाव त्यांनी आदरानं घेतलं. "तो नसता तर सामना तिथवर आलाच नसता."

मग कॉर्नेलचाच पुढचा गोली डेव्हिड मॅकी याचं नाव निघालं. २००६ ची राष्ट्रीय स्पर्धा, ग्रीन बे, विस्कॉन्सिनविरुद्ध. पन्नासच्या वर मिनिटं जादा खेळ झाला आणि दोन्ही बाजूंनी गोल नाही. मॅकीनं ५९ फटके अडवले. साठावा, तिसऱ्या जादा वेळेत, आत गेला. १-०. गृहस्थ म्हणाले की त्या रात्री त्यांना हरल्यासारखं वाटलंच नाही. मला ते पूर्ण पटलं. समोर विस्कॉन्सिनचा गोली ब्रायन एलियट होता, त्यानंही सगळं अडवलं होतं. अशा सामन्यात निकाल लागावा लागतो म्हणून लागतो.

कॉर्नेलचे माजी प्रशिक्षक माइक शेफर यांच्यावरही बोलणं झालं. १९९५ ते २०२५, तीस वर्षं. त्यांच्या संघांवर रटाळ खेळाचा आरोप व्हायचा. मला तो कधीच मान्य नव्हता. शेफर यांचे बचावपटू फटक्यांना बाहेरच्या बाजूला ढकलायचे, मधली जागा बंद ठेवायचे, आणि गोलीला बहुतेक वेळा एकच काम उरायचं, ते म्हणजे पहिला फटका स्वच्छ पकडणं. लेनव्यू, मॅकी, बेन स्क्रिव्हन्स, मॅथ्यू गलाज्दा. एवढे गोलरक्षक एका जागी ओळीनं घडले, कारण तिथे त्यांना समजेल असा खेळ त्यांच्यासमोर खेळला जात होता. काही लोक म्हणतात की मग श्रेय पद्धतीचं, गोलीचं नाही. हे मला पटत नाही. मोजके फटके येणाऱ्या गोलीचं काम अवघड असतं. दहा-बारा मिनिटं काही घडत नाही, अंग थंड पडतं, मन भरकटतं, आणि मग अचानक एकटा फॉरवर्ड समोर येतो.

रविवार

परतीच्या रस्त्यावर मला गलाज्दा आठवत राहिला. २०१७-१८ मध्ये पहिल्याच वर्षाला असताना त्यानं सरासरी १.५१ गोल दिले, देशात सर्वांत कमी. दोन वर्षांनी, मार्च २०२० मध्ये, कॉर्नेल देशात पहिल्या क्रमांकावर होतं. मग महामारी आली, स्पर्धा रद्द झाली. पुढचा आख्खा हंगाम आयव्ही लीगनं, म्हणजे कॉर्नेल-हार्वर्ड ज्यात येतात त्या विद्यापीठांच्या गटानं, खेळवलाच नाही आणि गलाज्दा नोत्र दाम विद्यापीठात गेला. त्या संघाचं काय झालं असतं हे कुणालाच कळणार नाही. हरलेल्या सामन्याची हळहळ वेगळी, न झालेल्या सामन्याची वेगळी. इथाकात आजही लोक त्या हंगामाबद्दल वर्तमानकाळात बोलतात.

हार्वर्डच्या बाजूनंही एक गोष्ट नोंदवायला हवी, कारण कॉर्नेलची माणसं ती टाळतात. १९८९ साली हार्वर्ड राष्ट्रीय विजेता झालं, सेंट पॉलमध्ये मिनेसोटाला त्यांच्याच राज्यात जादा वेळेत ४-३ नं हरवून. त्या हंगामात त्यांनी अॅलन रॉय आणि चकी ह्यूज या दोन गोलरक्षकांना आलटून पालटून खेळवलं. एकच गोली पक्का हवा, या कॉर्नेलच्या श्रद्धेला हे सरळ उत्तर आहे. मी स्वतः एका गोलीच्या बाजूचा. आज हा, उद्या तो असं असलं की बचावपटूंना गोली कुठे उभा राहील, पक कुठे सोडेल याची सवय होत नाही. पण विजेतेपद त्यांनी जिंकलंय, आणि दोन मुलांनी मान न दुखावता जागा वाटून घेतली याचं मला कौतुक वाटतं.

बिंगहॅम्टनच्या पुढे पेट्रोल भरायला थांबलो तेव्हा भाच्याचा फोन आला. रात्री त्यानं हार्वर्ड सामन्याचं चित्रण पुन्हा लावलं होतं, आणि या वेळी फक्त आमच्या गोलीवर नजर ठेवून. "मामा, बरोबरीचा गोल झाला ना, त्याच्या आधी तो दोनदा डावीकडे वाकून बघतोय. आपल्याच डिफेन्समनला हात करून बाजूला हो म्हणतोय. तो हललाच नाही." हे माझ्या नजरेतून सुटलं होतं. आम्ही वीस मिनिटं तेवढ्यावरच बोललो.

ज्यांना हा सामना बघायची इच्छा आहे त्यांच्यासाठी दोन गोष्टी. इथाकाचं तिकीट मिळालं नाही तर केंब्रिजला जा. हार्वर्डच्या ब्राइट-लँड्री रिंकमध्ये या सामन्याला कॉर्नेलचीच माणसं एवढी येतात की त्याला लायना ईस्ट म्हणतात. बॉस्टनच्या आसपास मराठी घरं पुष्कळ आहेत, त्यांना तर हा एका संध्याकाळचा बेत. आणि जागा निवडताना मधली घेऊ नका, गोलच्या मागची, कोपऱ्याकडची घ्या. तिथून गोलीच्या खांद्यावरून फटका येताना दिसतो आणि त्याच्या नजरेला गोलचा केवढा भाग झाकलाय, केवढा उघडा राहिलाय, ते कळतं. संघ दर भागानंतर बाजू बदलतात, त्यामुळे एकाच जागेवरून दोघंही बघायला मिळतात. भाच्याला मी केंब्रिजच्या सामन्याची दोन तिकिटं बघायला सांगितलं आहे, उजव्या कोपऱ्यातली.